जंतू मरतो तेव्हा काय गळतं?

१२ ऑगस्ट १८६५. ग्लासगोच्या रॉयल इन्फर्मरीत ११ वर्षांच्या जेम्स ग्रीनलीसला आणलं. गाडीचं चाक पायावरून गेलेलं, हाड मोडून जखम उघडी पडलेली. त्या काळी अशी जखम बहुधा चिघळायची आणि पाय कापावा लागायचा. तिथल्या शल्यविशारद जोसेफ लिस्टरने ती कार्बोलिक आम्लात भिजवलेल्या पट्टीने झाकली. चार दिवसांनी पट्टी सोडली, तर पू नव्हता. सहा आठवड्यांत हाड सांधलं.

कार्बोलिक आम्ल म्हणजे फिनॉल. ते १८३४ मध्ये रसायनशास्त्रज्ञ रुंगेने कोळशाच्या डांबरातून वेगळं काढलं होतं, आणि कार्लाइल शहरात त्याने सांडपाण्याची घाण मारतात हे लिस्टरने वाचलं होतं. पण फिनॉलने जंतू कसा मरतो, हे लिस्टरला सांगता आलं नसतं. १८८१ मध्ये जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉखने दाखवलं, की तेलात मिसळलेलं हेच आम्ल अँथ्रॅक्सच्या बीजाणूंचं (जंतूच्या टणक, सुप्त रूपाचं) काही वाकडं करत नाही. का, हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता. पेशीभोवती मेदाचा दुहेरी थर असतो ही कल्पनाच १९२५ मध्ये गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी मांडली.

उलगडा झाला तो १९४७ च्या सुमारास, आणि या सगळ्या इतिहासात मला हाच प्रयोग सर्वांत मोलाचा वाटतो. केंब्रिजमध्ये गेल आणि टेलर यांनी जंतूकडे पाहण्याऐवजी त्याच्या भोवतीचं पाणी तपासलं. जंतूने आत साठवलेली अमिनो आम्लं फिनॉल पडताच बाहेर आली होती. साबणासारखी काही द्रव्यंही हेच करत होती. म्हणजे घाव पेशीपटलावर, त्या मेदाच्या दुहेरी थरावर, बसत होता. पटल फुटतं तेव्हा आधी पोटॅशियम गळतं, मग अमिनो आम्लं, मग न्यूक्लिक आम्लांचे तुकडे. बाहेरची भिंत मात्र बऱ्याचदा शाबूत राहते.

१९३५ मध्ये डोमाक यांनी पुढे आणलेलं जंतुनाशक बेन्झाल्कोनियम क्लोराइडही असंच काम करतं. त्याचं धनभारित डोकं जंतूच्या ऋणभारित पृष्ठभागाला चिकटतं आणि मेदाळ शेपूट पटलात घुसतं. आपल्या पेशींचं पटलही मेदाचंच, म्हणून लिस्टरच्या रुग्णांची कातडी कार्बोलिकने भाजायची. उलट स्यूडोमोनास नावाच्या जंतूला पटलाबाहेर आणखी एक पटल असतं. अंदाजाने पाणी ओतून पातळ केलेल्या बेन्झाल्कोनियमच्या बाटलीत हा जंतू मरत तर नाहीच, वाढतोसुद्धा, आणि त्याच बाटलीतून रुग्णाच्या जखमेत पोचतो.