लुआरकाठची भटकंती आणि तिच्यामागची पाचशे वर्षे

लुआर ही फ्रान्समधील सर्वांत लांब नदी. मध्य फ्रान्सच्या डोंगराळ पठारावर झेर्बिए-द-झोंक या डोंगराच्या पायथ्याशी उगम पावून ती आधी उत्तरेकडे वाहते, ऑर्लेआं शहरापाशी मोठे वळण घेऊन पश्चिमेकडे वळते आणि सुमारे 1,000 किलोमीटरचा प्रवास करून सँ-नाझेरपाशी अटलांटिक महासागराला मिळते. सुली आणि शालोन या दोन गावांमधला तिचा सुमारे 280 किलोमीटरचा पट्टा 2000 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत सांस्कृतिक भूप्रदेश म्हणून दाखल झाला. या खोऱ्यात जाणारा प्रवासी बहुतेक वेळा चार गोष्टी करतो: नदीकाठच्या मार्गावरून सायकल चालवतो, सपाट तळाच्या लाकडी नावेतून फेरी मारतो, राजवाडे पाहतो आणि चुनखडकात कोरलेल्या तळघरांत वाइन चाखतो. यांपैकी एकही गोष्ट मुळात प्रवाशांसाठी निर्माण झालेली नव्हती. बांध पुरासाठी घातले गेले, नावा मालासाठी बांधल्या गेल्या, गुहा दगडासाठी खोदल्या गेल्या आणि राजवाडे दरबारासाठी उभे राहिले. त्यांतले बरेचसे मूळ काम संपले, काही ठिकाणी ते हाणून पाडले गेले, आणि त्यातून मोकळ्या झालेल्या जागेवर आजची भटकंती उभी आहे.

सुरुवात बांधांपासून करणे योग्य, कारण खोऱ्यातली वस्ती आणि शेती त्यांच्यावरच टिकून आहे. बाराव्या शतकात इंग्लंडचा राजा आणि आंझूचा सरदार असलेल्या दुसऱ्या हेन्रीने सोम्यूरच्या परिसरातील बांध राखणाऱ्या रहिवाशांना सवलती देऊन त्यांना बांधावर वसवले, अशी नोंद सापडते. पुढे बांधांची लांबी आणि उंची वाढत गेली आणि सतराव्या शतकात चौदाव्या लुईचा मंत्री कोल्बेर याच्या काळात ते केंद्रीय सत्तेच्या देखरेखीखाली पद्धतशीरपणे उंचावले गेले. नदीला दोन्ही बाजूंनी आवळले की पुराचे पाणी अधिक चढते आणि बांध फुटलाच तर नुकसानही अधिक होते, हा धडा 1846, 1856 आणि 1866 अशा वीस वर्षांत आलेल्या तीन महापुरांनी शिकवला. 1856 च्या जूनमध्ये ला शापेल-सुर-लुआर या गावाजवळ बांध फुटून गावाचा मोठा भाग वाहून गेला, तर आंझेजवळच्या त्रेलाझे येथील पाटीच्या दगडाच्या खाणी पाण्याखाली गेल्या. त्यानंतर अभियंत्यांनी काही ठिकाणी बांध मुद्दाम सखल ठेवून जादा पाण्याला वाट करून देणारे सांडवे बांधले. बांधावरून जाताना मध्येच रस्ता खाली उतरून पुन्हा वर चढतो, तेव्हा तेथे असा सांडवा असण्याचा संभव असतो.

नदी आज रिकामी दिसते, पण हा रिकामेपणा फार जुना नाही. अठराव्या शतकापर्यंत लुआर हा फ्रान्सचा एक मुख्य मालमार्ग होता. पश्चिमेचा वारा समुद्राकडून खोऱ्यात शिरत असल्याने चौकोनी शिडाचे पडाव प्रवाहाविरुद्धही वर जाऊ शकत आणि परतताना प्रवाह त्यांना खाली आणत असे. मीठ, मासे आणि वसाहतींतली साखर मुखाजवळच्या नांत बंदरातून वर येई; वाइन, धान्य, बांधकामाचा दगड आणि वरच्या खोऱ्यातला कोळसा खाली जाई. कोळशाच्या नावा सूचिपर्णी झाडांच्या लाकडाच्या असत. मुक्कामी पोचल्यावर त्या मोडून लाकूड विकले जाई, कारण रिकामी नाव वर ओढून नेण्यापेक्षा ते स्वस्त पडे. नदीवर व्यापार करणाऱ्यांची एक संघटना चौदाव्या शतकापासून होती. पात्र स्वच्छ ठेवणे आणि काठच्या सरदारांच्या मनमानी जकातींविरुद्ध लढणे ही तिची मुख्य कामे, आणि 1773 मध्ये ती बरखास्त होईपर्यंत तिने ती केली. 1642 मध्ये खुल्या झालेल्या ब्रियारच्या कालव्याने लुआर आणि सेन ही खोरी जोडली, त्यामुळे खोऱ्यातला माल पाण्यावरूनच पॅरिसला पोचू लागला. वाटेत आंबलेल्या वाइनपासून ऑर्लेआंत शिरक्याचा मोठा धंदा वाढला. नुकसानीतून उभा राहिलेला हा उद्योग मूळ व्यापारापेक्षा अधिक काळ टिकला.

या व्यापाराचा शेवट रेल्वेने केला, आणि तोही झपाट्याने. रेल्वे ऑर्लेआंला 1843 मध्ये, तूरला 1846 मध्ये, आंझेला 1849 मध्ये आणि नांतला 1851 मध्ये पोचली. बॉयलर फुटण्याच्या भीतीवर उतारा म्हणून ‘अस्फोट’ अशा अर्थाचे नाव घेतलेल्या प्रवासी वाफेच्या बोटी 1830 च्या दशकाच्या अखेरीस सुरू झाल्या होत्या; त्यांनाही थोडीच वर्षे मिळाली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मोठी वाहतूक संपली, धक्के ओस पडले आणि नावा बांधण्याचे कसब जवळजवळ नाहीसे झाले. गेल्या काही दशकांत स्थानिक हौशी मंडळींनी जुन्या नमुन्यांवरून पडाव पुन्हा बांधले आणि 2003 पासून ऑर्लेआंच्या धक्क्यावर दर दोन वर्षांनी नदीमहोत्सव भरू लागला. आज पर्यटक ज्या नावांत बसतात त्या बहुधा अशा नव्या बांधणीच्याच असतात.

वाइनचा इतिहास नदीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. 1577 मध्ये पॅरिसच्या न्यायसभेने राजधानीच्या व्यापाऱ्यांना आसपासच्या वीस लीगच्या, म्हणजे सुमारे 90 किलोमीटरच्या आत वाइन खरेदी करण्यास मनाई केली. ऑर्लेआं या मर्यादेपलीकडे होते, त्यामुळे तेथे स्वस्त वाइनची लागवड वाढली. खालच्या बाजूला आंझू आणि ब्रिटनी यांच्या सीमेवर ॲंग्रांद येथे समुद्राकडे जाणाऱ्या वाइनवर जकात बसे. साध्या वाइनला तो भार पेलवत नसल्याने आंझूतील चांगली वाइन डच व्यापाऱ्यांमार्फत समुद्रमार्गे जाई आणि उरलेली देशात खपे. जकातनाक्याच्या खालच्या बाजूला नांतच्या परिसरात डचांना मद्यार्क काढण्यासाठी हलकी पांढरी वाइन हवी असे. 1709 च्या भीषण हिवाळ्यात तेथल्या द्राक्षबागा गोठल्यानंतर थंडी सोसणाऱ्या मलों द बुर्गोन्य या जातीची लागवड पसरली, आणि आज मस्कादे नावाने विकली जाणारी वाइन त्याच द्राक्षाची असते. ‘खोऱ्याच्या मातीचा गुण’ म्हणून प्रवाशांना सांगितले जाते त्यात मातीइतकाच जकातीचा आणि कायद्याचा वाटा आहे, असे मला वाटते. मार्गदर्शक मात्र मातीविषयीच भरभरून बोलतात.

मातीचे महत्त्व अर्थातच नाकारता येत नाही. तूर ते सोम्यूर या भागात त्युफो नावाचा मऊ, फिकट चुनखडक आहे. राजवाडे आणि गावांची घरे त्याच दगडाची आहेत, आणि तो पडावांतून दूरवर जात असे. दगड काढल्यावर मागे राहिलेल्या बोगद्यांत लोक राहू लागले, वाइन साठवू लागले, पुढे अळिंबीही पिकवू लागले. तापमान वर्षभर जवळजवळ सारखे राहत असल्याने बाटलीत फेस तयार होण्यासाठी या जागा सोयीच्या ठरल्या, आणि 1811 मध्ये झां आकेरमान यांनी सोम्यूरजवळ फेसाळ वाइनचा व्यवसाय सुरू केला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फिलॉक्सेरा या किडीने बागा उद्ध्वस्त केल्या आणि अमेरिकी खुंटांवर कलमे बांधून त्या पुन्हा उभ्या कराव्या लागल्या. 1936 व 1937 मध्ये वुव्रे, सान्सेर, शिनों, बुर्गय अशी वाइनची नावे कायदेशीर संरक्षणाखाली आली. वुव्रे ज्या शेनँ ब्लाँ द्राक्षाची, त्याच जातीची लागवड आज नाशिकच्या द्राक्षबागांतही होते, त्यामुळे मराठी वाचकाला हे नाव बाटलीवर ओळखीचे वाटू शकेल.

राजवाड्यांची कथा अधिक परिचित असल्याने थोडक्यात सांगतो. इंग्लंड-फ्रान्समधील शतवर्षीय युद्धात पॅरिस शत्रुपक्षाच्या ताब्यात गेल्यावर फ्रान्सच्या सातव्या चार्ल्सने या खोऱ्याचा आश्रय घेतला. 1429 मध्ये जोन ऑफ आर्क त्याला भेटली ती शिनोंच्या किल्ल्यात. त्यानंतर सुमारे शतकभर दरबार येथेच वावरला. लिओनार्दो दा विंची यांची अखेरची वर्षे आंब्वाजमध्ये गेली आणि तेथेच 1519 मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी पहिल्या फ्रान्स्वाने शांबोरचे बांधकाम सुरू केले. त्या अवाढव्य वाड्यात राजा राहिला जेमतेम काही आठवडे. वाड्याचा खरा हेतू शिकारीचा होता. 32 किलोमीटरच्या भिंतीने वेढलेले सुमारे 5,440 हेक्टरांचे शिकारीचे रान आज चालण्या-सायकलीसाठी अंशतः खुले आहे आणि शरद ऋतूत सांबरासारख्या मोठ्या हरणांच्या हाका ऐकायला लोक तेथे जमतात.

दरबार गेल्यावर हे वाडे अनेक हातांतून फिरले. रेल्वेमुळे पॅरिसचे प्रवासी येऊ लागले, आणि 1905 मध्ये आझे-ल-रिदो हा वाडा सरकारने विकत घेतला. पुढच्याच वर्षी स्पेनमध्ये जन्मलेले वैद्यकशास्त्रज्ञ होआकिम कार्वालो यांनी विलांद्री हा वाडा घेतला, तेथील एकोणिसाव्या शतकातले इंग्रजी धाटणीचे उद्यान काढून टाकले आणि जुन्या आराखड्यांच्या आधारे भाज्यांच्या चौकोनी वाफ्यांची बाग रचली. प्रवासी जिला सोळाव्या शतकातली बाग समजतात ती अशा प्रकारे विसाव्या शतकातली आहे. खासगी वाड्यांच्या मालकांची संघटनाही कार्वालो यांनीच 1924 मध्ये स्थापन केली. 1936 च्या कायद्याने कामगारांना दोन आठवड्यांची पगारी रजा मिळाली तेव्हा प्रवाशांचा वर्ग रुंदावला, आणि 1952 मध्ये शांबोर येथे ध्वनिप्रकाशाचा जगातला पहिला खेळ झाला.

पण नदी स्वतः पाहण्यासारखी आहे, हे भान बरेच उशिरा आले. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात तिच्या पात्रातून प्रचंड वाळूउपसा झाला आणि पात्र खोल गेले. 1978 मध्ये तूरचा विल्सन पूल कोसळला त्यामागे हे एक कारण मानले जाते. 1980 च्या सप्टेंबरमध्ये वरच्या खोऱ्यात ब्रिव-शारँसाक येथे आलेल्या पुरात आठ जण दगावले. त्यानंतर तूरचे महापौर झां र्वाये यांच्या नेतृत्वाखालील नदीसंस्थेने नव्या धरणांचा आराखडा पुढे रेटला. सेर-द-ला-फार येथील नियोजित धरणाच्या जागेवर आंदोलकांनी 1989 पासून जवळजवळ पाच वर्षे ठिय्या दिला. 1994 च्या जानेवारीत सरकारने ते धरण सोडून दिले, ब्रिवमध्ये नदीला रुंद वाट करून देण्याचे ठरवले आणि खोऱ्यासाठी नवी योजना जाहीर केली. 1998 मध्ये उपनदी व्हिएनवरील मेझों-रूझचे धरण मासे वर जाऊ शकावेत म्हणून पाडण्यात आले. वाळूची बेटे आणि त्यांवर अंडी घालणारे सुरय पक्षी आज नावेतून दाखवले जातात, ते या निर्णयांमुळेच उरले आहेत.

सायकलमार्गाची कल्पना 1990 च्या दशकाच्या मध्यास दोन प्रादेशिक सरकारांनी उचलली. नेव्हेरजवळच्या क्युफीपासून समुद्रकाठच्या सँ-ब्रेव्हँपर्यंतचा सुमारे 900 किलोमीटरचा हा मार्ग अटलांटिकपासून काळ्या समुद्रापर्यंत जाणाऱ्या युरोपीय मार्गाचा भाग आहे. उतार नगण्य असल्याने अननुभवी माणूसही तो सहज पेलतो, मात्र वाटेत राजवाड्यांबरोबरच अणुवीजकेंद्रांचे शीतक मनोरेही दिसतात, हे माहितीपत्रके फारशी सांगत नाहीत. नदीत पोहणे अनेक ठिकाणी मना आहे, कारण वाळू पायाखालून सरकते.

मार्गाचा बराच भाग जुन्या पूरबांधांवरून जातो, आणि ते बांध अजूनही पुरासाठीच राखले जातात. 2024 च्या जानेवारीअखेरीस सरकारी मालकीच्या बांधांची व्यवस्था स्थानिक संस्थांकडे सोपवण्यात आली. मुळांनी आणि बिळांनी बांध कमकुवत होतो म्हणून त्यावरची झाडे काढावी लागतात, आणि म्हणूनच जुलै-ऑगस्टच्या उन्हात अनेक ठिकाणी सायकलस्वाराला सावली मिळत नाही.