पेट्रोल पंपाखालची टाकी म्हणजे पुरलेला बॉम्ब?

"पंपाखालची टाकी उन्हाने फुटते, अख्खी गल्ली उडते. नियम बदलून टाक्या जमिनीवर आणा!" उन्हाळा लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर हा मेसेज फिरतोच. पंपाला लागून घर असलं की धास्ती वाटणारच.

पण पेट्रोल द्रवरूपात जळत नाही, त्याची वाफ जळते. तीही हवेत साधारण दीड ते साडेसात टक्के असली तरच. बंद टाकीत वाफ याहून कितीतरी दाट असते, म्हणून पेट घ्यायला हवाच पुरत नाही. शिवाय वर मातीचं आवरण. ऊन, धडक, शेजारची आग हे सगळं जमिनीवरच्या टाकीला आधी भिडतं.

धोका आहे, पण दुसरीकडे. टँकर रिकामा होताना वाफ बाहेर येते. तिथे स्थिर विजेची ठिणगी उडू नये म्हणून आधी अर्थिंगची वायर जोडतात, मग होज. लांबून बघा, दिसेल. आणि खरी काळजी गळतीची. जुनी लोखंडी टाकी गंजली की पेट्रोल गुपचूप मुरत विहिरीपर्यंत जातं. पंप घर-विहिरीपासून किती लांब असावा याचे नियम सुधारायचे तर भांडावं ते यावर, असं मला वाटतं.

विहिरीवर रंगीत तवंग दिसला तर काडीने ढवळा. तुकडे पडून तसेच राहिले तर बहुधा पाण्यातल्या लोहावर वाढणारे जिवाणू, पेट्रोल नव्हे. आपल्या तांबड्या मातीत नवल नाही. तवंग फिरून जुळला, पेट्रोलचा वास आला, तर पाणी वापरणं थांबवा आणि नमुना प्रयोगशाळेत द्या.