पुस्तक स्कॅन केलं तर केस होते म्हणे!

आमच्या रत्नागिरीकडे अजून सगळे हेच सांगतात, की अंध पोरासाठी पुस्तक स्कॅन केलं तर कॉपीराइटचा गुन्हा, प्रकाशकाची परवानगी आणा. अहो नाही! २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(झेडबी) आलंय, त्यामुळे दिव्यांग विद्यार्थ्याला अभ्यासासाठी वाचता येईल अशी प्रत कोणीही करून देऊ शकतो, मित्र, बहीण, लायब्ररीवाले काका, कोणीही, फक्त धंदा करायचा नाही. नुसता फोटो मात्र स्क्रीन रीडर (स्क्रीनवरचं मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचत नाही हां, ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर, वापरून टेक्स्ट काढायला लागतं, आणि मराठी जोडाक्षरं गंडतात म्हणून एकदा तपासायचं. आधी सुगम्य पुस्तकालयात, म्हणजे दिव्यांगांसाठीच्या ऑनलाइन लायब्ररीत बघा, आयती मिळाली तर एवढा खटाटोप कशाला. नोट्ससाठी लेक्चर रेकॉर्ड करू द्या असा कॉलेजला लेखी अर्ज द्या, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम १६ आहेच, कॉलेजने गरजेप्रमाणे सोय करून द्यायची असं सांगणारं.