पोस्ट प्रोसेसर आला कुठून, आणि अजून का लागतो

पोस्ट प्रोसेसर म्हणजे टूलचा मार्ग एखाद्या ठरावीक मशीनला कळेल अशा कोडमध्ये बदलणारा प्रोग्राम. कॅम, म्हणजे मशीनवर टूल कसे फिरवायचे ते संगणकावर आखणारे सॉफ्टवेअर; आजच्या अशा सॉफ्टवेअरपेक्षा पोस्ट प्रोसेसर हा प्रकार वयाने मोठा आहे. १९५२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स लॅबोरेटरीने सिनसिनाटी कंपनीचे मिलिंग मशीन पंच केलेल्या कागदी टेपवर चालवून दाखवले. मशीन चालले, पण टेप बनवायची कोणी? वक्र आकाराचे एकेक बिंदू हाताने काढण्यात मशीनने वाचवलेला वेळ खर्ची पडायचा. यावर उपाय म्हणून डग्लस रॉस यांच्या पुढाकाराने तिथेच एपीटी ही मशीनसाठी प्रोग्राम लिहिण्याची भाषा तयार झाली. १९५९ मध्ये ती जाहीर करताना तिच्या आधारे मशीनवर कापलेले ॲल्युमिनियमचे ॲशट्रे पत्रकारांना भेट दिले होते.

एपीटीमागे विमान कारखाने होते, आणि त्यांच्याकडे मशीन वेगवेगळ्या बनावटीची, कंट्रोलही (मशीन चालवणारा संगणक) वेगवेगळे. म्हणून कामाची वाटणी झाली. मुख्य प्रोग्राम फक्त भूमिती सोडवायचा आणि टूल कुठून कुठे जाणार याची फाइल द्यायचा. त्या फाइलमध्ये ‘या बिंदूला जा’, ‘स्पिंडल इतक्या वेगाने’, ‘कूलंट चालू’ एवढेच असते. कूलंटसाठी मशीनच्या कोडमध्ये एम०८ लिहायचे की आणखी काही, हे तिला ठाऊक नसते. ते ठरवणारा दुसरा प्रोग्राम म्हणजे पोस्ट प्रोसेसर. ही वाटणी इतकी सोयीची निघाली की आजचे कॅमही त्याच पायावर उभे आहे.

जी कोडचे, म्हणजे कंट्रोल ओळीओळीने वाचतो त्या आज्ञांचे, प्रमाणीकरण झाल्यावर हा मधला टप्पा गळून पडायला हवा होता. अमेरिकेचे आरएस-२७४ हे मानक आले, १९८२ मध्ये आयएसओ ६९८३ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. पण या मानकांत बरेच कोड मोकळे सोडले होते आणि कंट्रोल बनवणाऱ्यांनी ते आपापल्या परीने भरले. खोल भोकासाठी फानुकमध्ये जी८३, सीमेन्समध्ये सायकल८३, तर हायडेनहाइनची संवादी भाषा मुळातच वेगळ्या वळणाची. पाच अक्षांच्या मशीनवर तिरपे प्रतल सांगायचे तर फानुकचे जी६८.२, सीमेन्सचे सायकल८००, हायडेनहाइनचे प्लेन. नुसत्या टिंबानेही घोळ होतो: बऱ्याच फानुक कंट्रोलवर ‘एक्स१००.’ म्हणजे १०० मिमी, आणि टिंब राहिले तर ०.१ मिमी. तेही पॅरामीटर कसा लावलाय त्यावर.

पोस्ट प्रोसेसरची (थोडक्यात ‘पोस्ट’ची) कटकटच नको म्हणून आयएसओ १४६४९, म्हणजे स्टेप-एनसी, पुढे आणले गेले. कंट्रोलरला हालचाली सांगण्याऐवजी ‘हा खिसा, हे भोक’ असे सांगायचे, बाकी त्याने पाहावे. कल्पना चांगली, पण शॉप फ्लोअरवर जी कोड हलला नाही.

बदलला तो पोस्टला हात लावणारा माणूस. मेनफ्रेमच्या काळात हे फोरट्रान जाणणाऱ्या तज्ज्ञाचे काम होते. आता मास्टरकॅम या कॅम सॉफ्टवेअरची पीएसटी ही पोस्टची फाइल साध्या एडिटरमध्ये उघडते, एनएक्स या दुसऱ्या कॅममध्ये पोस्ट टीसीएल या स्क्रिप्टिंग भाषेत असतात, फ्यूजन या तिसऱ्याचे जावास्क्रिप्टमध्ये. काही विक्रेते आपले पोस्ट कुलूपबंद करून देतात, तिथे मात्र हात टेकावे लागतात. फ्यूजनच्या पोस्टमध्ये सरळ रेषेला एक फंक्शन, कमानीला दुसरे, ड्रिलिंग सायकलला तिसरे; कोणती ओळ कुठून निघते हे शोधायला फार वेळ लागत नाही.

नवख्यांना वाटते की अडचण स्क्रिप्टिंगची आहे. माझ्या मते खरा अभ्यास मशीनच्या मॅन्युअलचा. कमानीचा केंद्रबिंदू आय-जे मध्ये सुरुवातीच्या बिंदूपासून मोजायचा की शून्यापासून, टूल बदलण्याआधी झेड कुठे न्यायचा, हे जावास्क्रिप्ट सांगणार नाही. त्यासाठी त्याच मशीनवर आधी व्यवस्थित चाललेला एक प्रोग्राम मिळवावा आणि पोस्टमधून निघालेला कोड त्याच्याशी ओळीला ओळ लावून पाहावा. एका वेळी एकच बदल करावा. नवा पोस्ट पहिल्यांदा झेड वर उचलून, सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच ओळ), जॉब न लावता चालवतात, कारण कॅममधले सिम्युलेशन सहसा टूलपाथ तपासते. पोस्टमधून बाहेर पडलेला कोड त्याने पाहिलेलाच नसतो.