हॉरर रोगलाइक शूटर: भीती आणि बंदूक यांची चाळीस वर्षं

अंधाऱ्या खोल्या, अंगावर चालून येणारे विद्रूप प्राणी, हातात एक हत्यार आणि मेलात की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या वर्णनात बसणारे इंडी गेम, म्हणजे छोट्या स्वतंत्र चमूंनी बनवलेले व्हिडिओ गेम, आज ढिगाने सापडतात. त्या सगळ्यांच्या मुळाशी एक जुना पेच आहे. भयकथेला नायक दुबळा लागतो. शूटरमध्ये, म्हणजे गोळ्या झाडायच्या खेळात, तो सशस्त्र असतो आणि रोगलाइकमध्ये, म्हणजे दर वेळी नव्याने रचल्या जाणाऱ्या आणि मेल्यावर पहिल्यापासून सुरू होणाऱ्या खेळात, तर त्याची ताकद खोलीगणिक वाढत जाते. मग भीती ठेवायची कुठे? या प्रकाराचा इतिहास म्हणजे त्या प्रश्नाला वेगवेगळ्या लोकांनी दिलेली उत्तरं. माझ्या मते त्यातली सर्वांत चांगली उत्तरं सर्वांत जास्त खपलेली नाहीत.

सुरुवात या प्रकाराला नाव देणाऱ्या 'रोग' (Rogue) या संगणक-खेळापासून करावीच लागते. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ शाखेत शिकणाऱ्या मायकेल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी हा खेळ लिहिला. पुढे बर्कलीचा केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाला. अर्नोल्डच्या 'कर्सेस' या लायब्ररीमुळे, म्हणजे तयार प्रोग्रामच्या संचामुळे, फक्त अक्षरं दाखवणाऱ्या टर्मिनलच्या पडद्यावर हवं तिथे अक्षर उमटवता यायचं आणि अख्खं तळघर त्या सोयीवर उभं होतं. खेळाडू म्हणजे @ हे चिन्ह आणि राक्षस म्हणजे इंग्रजीतली २६ मोठी अक्षरं. तळघर दर वेळी नव्याने रचलं जाई. खेळ अर्धवट थांबवून ठेवता येत असे, पण पुन्हा सुरू केल्याबरोबर जतन केलेली फाइल पुसली जाई, म्हणजे मागे जाऊन चूक दुरुस्त करण्याची वाट बंद. सापडलेल्या काढ्याचा नुसता रंग दिसायचा. तो जखम भरतो की आंधळं करतो हे प्यायल्यावरच कळायचं, आणि पुढच्या खेळात त्याच रंगाचा अर्थ बदललेला असायचा.

'रोग'ला कुणी भयखेळ म्हणत नाही. पण तब्येत चार गुणांवर आलेली असताना बोळाच्या तोंडाशी ट्रोल या राक्षसाचं अक्षर उमटलं की पोटात जो गोळा येतो, तो चित्र किंवा संगीत नसतानाही येतो. गमावलेलं परत मिळणार नाही, हे माहीत असल्याने तो येतो. रोगलाइकने भयखेळांना दिलेली खरी देणगी हीच आहे, आणि ती ओळखायला बराच काळ जावा लागला.

भयखेळांची मुख्य धारा दुसरीकडे घडत होती. कॅपकॉमचा १९८९ चा 'स्वीट होम' फक्त जपानमध्ये आला. त्यात पाच पात्रं एका झपाटलेल्या वाड्यात अडकतात आणि मेलेलं पात्र कायमचं मेलेलं राहतं. त्याच्याच नव्या आवृत्तीच्या विचारातून सुरू झालेलं काम १९९६ मध्ये 'रेसिडेंट ईव्हिल' म्हणून बाहेर आलं. तिथे बंदूक होती, पण काडतुसं मोजकी. खेळ जतन करायलाही टाइपरायटरच्या शाईची फीत लागायची आणि त्या फितीही हिशेबानेच मिळायच्या. बंदूक हाती देऊनही माणसाला घाबरवता येतं, फक्त ती भरलेली ठेवायची नाही, हा धडा तिथून मिळाला. पण हे खेळ एकदाच रचलेले होते. कुठल्या खिडकीतून कुत्रा उडी मारणार हे दुसऱ्या वेळी पाठ असायचं.

शूटरचा प्रवास याच्या अगदी उलट दिशेने चालला होता. १९८२ च्या 'रोबोट्रॉन: २०८४'ने दोन जॉयस्टिक दिल्या. एकीने पळायचं, दुसरीने गोळ्या झाडायच्या, आणि चहूबाजूंनी गर्दी. २००३ च्या 'क्रिमसनलँड'ने त्याच वरून दिसणाऱ्या मैदानात कोळी, परग्रहवासी आणि झाँबी सोडले, मारलेल्यांचं रक्त जमिनीवर तसंच राहू दिलं आणि पातळी वाढली की खेळ थांबवून दोन-चार गुणांमधून एक निवडायला लावलं. हा शेवटचा तपशील लक्षात ठेवण्यासारखा आहे, कारण पुढे जवळपास वीस वर्षांनी त्यावर एक वेगळी लाटच उभी राहिली.

शूटर आणि रोगलाइक या दोन जगांची गाठ पहिल्यांदा नीट बांधली ती पोलंडच्या कोर्नेल किसिएलेविचने. २००२ मध्ये त्याने 'डूम' या गाजलेल्या शूटरला रोगलाइकमध्ये बसवलं. 'डूमआरएल' पाळीपाळीने चालायचा, पण पाळ्या इतक्या झटपट की हात शूटरच्या वेगाने चालत. बंदुकीत पुन्हा गोळ्या भरायला वेळ लागायचा आणि तेवढ्यात समोरचा राक्षस एक घर पुढे सरकलेला असायचा. विनामूल्य वाटला जाणारा हा खेळ वर्षानुवर्षं वाढत गेला. २०१६ च्या डिसेंबरात 'डूम'ची मालकी असलेल्या झेनीमॅक्सच्या वकिलांचं पत्र आलं. नाव 'डीआरएल' असं आखूड झालं, सोर्स कोड सर्वांना खुला झाला, आणि लेखकाने त्याच कल्पनेवर उभारलेला स्वतंत्र 'ज्युपिटर हेल' २०२१ मध्ये पूर्ण केला.

२००८ मध्ये रोगलाइक बनवणारी मंडळी बर्लिनला जमली आणि खऱ्या रोगलाइकची लक्षणं त्यांनी लिहून काढली. पाळीपाळीने चालणं हे त्यातलं एक ठळक लक्षण. त्या मोजपट्टीने शूटर बाहेरच राहतो. पण त्याच वर्षी डेरेक यूने 'स्पेलंकी' फुकट उपलब्ध करून दिला, आणि उड्या मारायच्या खेळातही कायमचा मृत्यू आणि दर वेळी नवी रचना किती चपखल बसतात, हे लोकांनी हातांनी अनुभवलं. डाव लहान झाले. हरल्याचं दुःख काही सेकंदांचं झालं आणि बोट पुन्हा 'सुरू करा'वर जाऊ लागलं.

तिथून 'द बाइंडिंग ऑफ आयझॅक' फार दूर नव्हता. 'सुपर मीट बॉय' हा आधीचा खेळ बनवून मोकळ्या झालेल्या एडमंड मॅकमिलनने फ्लोरियन हिम्सलसोबत आठवडाभराच्या गेम जॅममध्ये, म्हणजे ठरावीक वेळात झटपट खेळ बनवण्याच्या उपक्रमात, त्याची सुरुवात केली. निन्टेन्डोच्या 'झेल्डा' या साहसखेळातल्या तळघरांसारख्या एका पडद्याएवढ्या खोल्या, त्यात रोगलाइकचे नियम. विषय मात्र धर्म. मॅकमिलनच्या घरात काही कॅथलिक, तर काही बॉर्न-अगेन ख्रिश्चन, आणि त्या वातावरणातलं आकर्षण आणि धाक दोन्ही त्याला खेळात आणायचं होतं. आयझॅकच्या आईला देवाचा आवाज ऐकू येतो, तो मुलाचा बळी मागतो, आणि मुलगा तळघरात उडी घेतो. त्याचं हत्यार म्हणजे त्याचे अश्रू. २८ सप्टेंबर २०११ ला खेळ आला तेव्हा मॅकमिलनला फार खपाची आशा नव्हती. काही महिन्यांनी यूट्यूबवर लोक आपापले डाव दाखवू लागले, प्रत्येकाचा डाव वेगळा निघत असल्यामुळे बघणारे कंटाळेनात, आणि विक्री चढत गेली.

या खेळाचे मजले कसे रचले जातात ते जवळून पाहण्यासारखं आहे, कारण त्याची भीती बरीचशी त्या नकाशात दडलेली आहे. खोल्या हाताने आखलेल्या असतात, फक्त त्यांची जागा यंत्र ठरवतं. चौकटींच्या तक्त्यात मध्यभागी पहिली खोली ठेवायची. तिथून चारही बाजूंची शेजारची चौकट तपासायची. तिथे खोली असेल तर सोडून द्यायची. त्या चौकटीला आधीच एकाहून अधिक खोल्या चिकटलेल्या असतील तरी सोडायची. हव्या तेवढ्या खोल्या झाल्या असतील तर थांबायचं. आणि इतकं सगळं जुळूनही निम्म्या वेळा उगाचच सोडून द्यायची. उरलेल्या चौकटीत खोली बसवून तिच्यापासून हाच क्रम पुन्हा. पहिल्या मजल्यावर अशा सात-आठ खोल्या होतात आणि खाली जाऊ तशा वाढतात. या साध्या नियमांमुळे नकाशात वळसा घालून मागे यायची वाट जवळजवळ कधीच तयार होत नाही. फांद्या फुटतात आणि टोकाला जाऊन संपतात. सर्वांत दूरच्या टोकाला बॉस, म्हणजे मजल्यावरचा मुख्य शत्रू, बसतो, बाकीच्या टोकांना दुकान आणि खजिना. गुप्त खोली मात्र उलट तर्काने, शक्य तितक्या जास्त खोल्यांना खेटून. खोलीत पाऊल टाकलं की दारं बंद होतात आणि आतलं सगळं मरेपर्यंत उघडत नाहीत.

'रोग'मधला काढ्यांचा जुगारही इथे जसाच्या तसा आला. रंगीत कॅप्सूल सापडतात, कुठल्या रंगात काय आहे ते दर डावाला बदलतं. सर्वांत धारदार गोष्ट म्हणजे सैतानाशी सौदा. वस्तूची किंमत नाण्यांत मोजायची नाही, स्वतःच्या काळजांत, म्हणजे जीव किती उरला हे दाखवणाऱ्या चिन्हांत, मोजायची. ताकद हवी तर जगण्याची कुवतच कायमची कमी करून घ्यायची. सुरुवातीला मांडलेल्या पेचाला इतकं नेमकं उत्तर फार थोड्या खेळांनी दिलं आहे.

निन्टेन्डोने २०१२ मध्ये धार्मिक आशयाचं कारण देऊन थ्रीडीएस या आपल्या हातात धरायच्या यंत्रावरची आवृत्ती नाकारली. तीन वर्षांनी त्याच कंपनीच्या न्यू थ्रीडीएसवर 'रीबर्थ' ही खेळाची नवी आवृत्ती आली. मधल्या काळात खरी अडचण तांत्रिक होती. मूळ खेळ फ्लॅश या वेबसाठीच्या जुन्या तंत्रात लिहिलेला, 'रॅथ ऑफ द लॅम्ब' या पुरवणीनंतर तो धापा टाकू लागला आणि आणखी काही घालायला जागा उरली नाही. निकॅलिस या कंपनीसोबत पुन्हा पायापासून लिहिलेला 'रीबर्थ' नोव्हेंबर २०१४ मध्ये आला. आता शेकडो वस्तूंचे परिणाम एकमेकांत मिसळू शकत होते. अश्रूंचा लेझर झाला, तोही वळून शत्रूचा पाठलाग करणारा. खेळ कितीतरी समृद्ध झाला, आणि त्याच प्रमाणात भीती ओसरली. चांगला डाव जमला की खोलीत शिरताक्षणी सगळं साफ होतं. उरते ती विषयातली व्यथा: आईला घाबरणारं एक मूल. ती अजूनही लागते, पण ते भय कथेतलं आहे, बोटांतलं नाही.

बोटांतलं भय एस्टोनियात सापडलं. तिघांच्या छोट्या चमूचा 'टेलिग्लिच' २०१२ च्या अखेरीस आला. दूरच्या ग्रहावरचं लष्करी संशोधन केंद्र, सगळे मेलेले आणि मेलेलेच चालून येणारे. चित्रं वरून दिसतात आणि इतकी भरड आहेत की राक्षस म्हणजे चार-सहा ठिपके. पण भिंतींना उंची आहे. आपण जिथे उभे आहोत तिथून जे दिसू शकत नाही ते काळं पडतं. एक पाऊल सरकलं की काळोखाचा कोन फिरतो, दाराजवळ जावं तसा आतला त्रिकोण उघडत जातो आणि त्यात काहीतरी हलताना दिसतं. गोळ्या मोजून मिळतात. एक नेम चुकला तर तो पुढच्या मजल्यावर भोवतो. रिकामे डबे, खिळे, स्फोटकं गोळा करून काहीबाही बनवायचं आणि ते वापरायचं की राखून ठेवायचं यावर दर मिनिटाला मनात वाद. 'रेसिडेंट ईव्हिल'चा काडतुसांचा हिशेब, 'रोबोट्रॉन'चं वरून दिसणारं मैदान आणि 'रोग'चा मागे न फिरणारा मृत्यू एकाच ठिकाणी इतके घट्ट विणलेले मी दुसरीकडे पाहिले नाहीत. पुढच्याच वर्षी पॅरॅडॉक्स या प्रकाशन कंपनीने त्याची वाढवलेली आवृत्ती काढली, तरी त्याच्या मागून फारसं कुणी गेलं नाही. त्याच वर्षी डेव्हिड पिटमनचा 'एल्ड्रिच' भयकथाकार लवक्राफ्टच्या दुनियेत नायकाच्या डोळ्यांतून हिंडवत होता, तोही चांगला असून बाजूलाच राहिला.

बाजार 'आयझॅक'च्या वाटेने गेला. 'न्यूक्लिअर थ्रोन' २०१५ मध्ये, 'एंटर द गंजन' २०१६ मध्ये. दोन्ही उत्तम शूटर, पण भयाशी त्यांचं नातं नावापुरतं. मग २०२१ च्या अखेरीस लुका गॅलान्टेचा 'व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स' आला. हत्यारं आपोआप चालतात, आपण फक्त फिरायचं आणि पातळी वाढली की गुण निवडायचा, म्हणजे 'क्रिमसनलँड'चा तोच जुना तपशील. २०२३ मध्ये त्याला बाफ्टा या ब्रिटिश संस्थेचा सर्वोत्तम खेळाचा पुरस्कार मिळाला. गॉथिक चित्रं, वटवाघळं, सांगाडे, सगळं आहे. पण त्याला भयखेळ म्हणवत नाही, कारण शेवटी पडद्यावरचं सर्वांत भयंकर आपणच असतो.

या लाटेत भीतीची आठवण ठेवणारा एक खेळ म्हणजे २०२२ चा 'ट्वेंटी मिनिट्स टिल डॉन'. त्यात नेम आपण धरायचा असतो, आणि बंदूक रिकामी झाली की ती भरेपर्यंत थांबावं लागतं. पडदा जवळजवळ काळा, मोजके फिके रंग आणि डोळ्यांसाठी लाल. गोळ्या संपत नाहीत, पण भरायला लागणारे ते एक-दोन सेकंद 'डूमआरएल'मधल्या एका घराइतकेच लांब वाटतात.

'आयझॅक'कडेही हा प्रश्न परत आला, आणि तो चाहत्यांनी आणला. २०१६ मध्ये काही चाहत्यांनी 'अँटिबर्थ' नावाचा मोड, म्हणजे मूळ खेळात बाहेरच्यांनी घातलेली भर, काढला. तो इतका पक्का होता की मॅकमिलनने त्यांनाच हाताशी घेतलं आणि ३१ मार्च २०२१ ला त्यातून 'रिपेंटन्स' ही अखेरची मोठी पुरवणी आली. पुष्कळ वस्तूंची ताकद मुद्दाम उतरवली गेली, खेळ अवघड झाला. त्यात खाणींचा एक मजला आहे. तिथून एका सोडून दिलेल्या बोगद्यात शिरलं की डावभर जमवलेली प्रत्येक वस्तू काढून घेतली जाते. आत आईच्या सुरीचा एक तुकडा असतो. तो उचलल्यावर आईची सावली मागे लागते. तिला मारता येत नाही, फक्त पळायचं असतं, बंद वाटा उघडत, वेळेत. बाहेर आलं की जमवलेलं सगळं परत मिळतं, आणि सुरी पूर्ण करायला अर्धं काम झालेलं असतं. त्या सुरीवाचून 'कॉर्प्स' या शेवटच्या टप्प्याचं दार उघडत नाही.