फुसका म्हणून हात लावू नको: अर्ल ऑफ सफोक आणि त्याचे दोन सोबती

दिवाळीत आमच्या सोलापूरच्या साखर पेठेतल्या गल्लीत सुतळी बॉम्बची वात मधेच विझली की आजी दारातूनच ओरडायची, "फुसका म्हणून हात लावू नको रे, आधी पाणी ओत!" मग कुणीतरी लांबूनच बादली रिकामी करायचं. सप्टेंबर १९४० पासून लंडनवर जे जर्मन बॉम्ब पडत होते त्यातले न फुटलेले पण सगळेच फुसके नव्हते, बरेच मुद्दाम उशिरा फुटायला बनवलेले होते.

बॉम्बच्या बाजूला फ्यूज, म्हणजे तो फोडणारा खटका, बसवलेला असायचा आणि त्याच्या तोंडावर गोलात नंबर. १७ नंबर म्हणजे आत घड्याळ, तीन दिवसांपर्यंत कधीही फुटणार, तोवर रेल्वे बंद, कारखाना बंद, गल्ली रिकामी. ५० नंबर म्हणजे जरा हलवला की खलास. पुढे तर १७ च्या खाली अजून एक खटका लपवायला लागले, फ्यूज बाहेर ओढला की बॉम्ब उडालाच, म्हणजे सरळ निकामी करायला येणाऱ्या माणसालाच मारायची सोय! आत नवीन काय घातलंय हे कळायचं तर कुणीतरी जवळ बसून उघडून बघायलाच लागणार.

त्या बसणाऱ्यांतला एक चार्ल्स हॉवर्ड, विसावा अर्ल ऑफ सफोक (अर्ल म्हणजे इंग्लंडातला वंशपरंपरेचा सरदार). जन्म १९०६ चा, वडील १९१७ ला मेसोपोटेमियाच्या (आजच्या इराकच्या) लढाईत गेले, आई अमेरिकन, आणि बंगालची फाळणी करणारा लॉर्ड कर्झन हा त्याच्या सख्ख्या मावशीचा नवरा. एवढ्या मोठ्या घरातला पोरगा पण शिडाच्या जहाजावर खलाशी म्हणून गेला, नंतर एडिंबरात फार्माकॉलॉजी, म्हणजे औषधांचं शास्त्र, शिकला. जून १९४० ला फ्रान्स जर्मनीच्या हाती पडत होता तेव्हा बोर्डोहून एका कोळशाच्या बोटीत शास्त्रज्ञ, हिरे आणि जड पाण्याचे (अणुसंशोधनाला लागणाऱ्या खास पाण्याचे) २६ डबे घालून इंग्लंडला आणणारा पण हाच. त्यानंतर तो बॉम्बच्या कामाला लागला, तेही सैनिक म्हणून नाही, सरकारी खात्यातला संशोधक म्हणून.

सोबत कायम दोघं, सेक्रेटरी बेरिल मॉर्डन आणि ड्रायव्हर फ्रेड हार्ड्स. सफोक स्टेथोस्कोप लावून टिकटिक ऐकायचा, काय करतोय ते एकेक पायरी बोलून सांगायचा आणि बेरिल तिथंच वहीत लिहून घ्यायची, म्हणजे तो गेला तरी पुढच्याला कळावं की कुठपर्यंत बरोबर होतं. मला या माणसाच्या गोष्टीत सगळ्यात जास्त ती वहीच धरून ठेवते. पेन्सिल घेऊन बॉम्बशेजारी उभं राहायचं, हातात दुसरं काहीच नाही.

असे ३४ बॉम्ब नीट पार पडले. १२ मे १९४१ ला लंडनजवळच्या एरिथच्या दलदलीत, जिथं असे बॉम्ब आणून ठेवायचे, तिथं पस्तिसाव्यावर काम चालू असताना तो फुटला. तिघंही गेले, सफोक फक्त ३५ वर्षांचा होता.

आपल्या भैय्या चौकात डॉ. कोटणीसांचं स्मारक आहे, ते पण १९३८ ला चीनच्या युद्धात जखमींवर उपचार करायला गेले आणि १९४२ ला तिथंच वारले, वय ३२. त्यामुळे लढायला न जाता युद्धात जीव देणं म्हणजे काय हे सोलापूरकराला वेगळं समजवायला लागत नाही.

जुलै १९४१ ला सफोकला जॉर्ज क्रॉस हा ब्रिटनचा मोठा शौर्य सन्मान जाहीर झाला, मॉर्डन आणि हार्ड्सला मात्र नुसती शौर्याची शाबासकी. त्या जागेवर तिघंही होते, म्हणून सफोकचं नाव घेताना मी ती दोन नावं पण घेतोच.