खणाची शेड रात्री का कोमेजते?

दिवाळीच्या आधी आईने हौसेने खणाच्या कापडाची लॅम्पशेड आणली. डाळिंबी रंग, त्यावर बारीक जरीच्या बुट्ट्या. दुकानात ती इतकी खुलून दिसत होती की आईने भाव करायचंही मनावर घेतलं नाही. घरी कोपऱ्यातल्या स्टँडवर ती चढवली, संध्याकाळी बटण दाबलं आणि आम्हा दोघींचे चेहरेच उतरले. डाळिंबी रंग गायब झाला होता, त्याच्या जागी वाळलेल्या आमसुलासारखं काळपट काहीतरी दिसत होतं. ज्या बुट्ट्यांसाठी शेड घेतली, त्या तर काळे ठिपके होऊन बसल्या होत्या. "कापडाचा रंग उतरलेला दिसतोय," आई म्हणाली. पण सकाळी खिडकीतून ऊन आलं आणि तीच शेड पुन्हा डाळिंबी, तेच सोनेरी बुट्टे.

कापडाचा काही दोष नव्हता. आत बल्ब होता तो आमच्या घरातल्या इतर सगळ्या बल्बांसारखाच, खोक्यावर 'कूल डेलाइट' आणि ६५०० केल्विन लिहिलेला. केल्विन हे तापमानाचं एकक, पण बल्बच्या खोक्यावर ते उजेडाचा रंग सांगतं: आकडा लहान तर उजेड पिवळसर, मोठा तर निळसर. लॅम्पशेड निवडताना आपण भिंत बघतो, पडदे बघतो, सोफ्याचं कापड बघतो, आणि बल्ब मात्र घरात असेल तो लावून टाकतो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे.

शेड उजेडाला रंग देते असं आपण बोलताना म्हणतो. खरं तर ती रंग देत नाही, काढून घेते. लाल कापडाचा धागा त्याच्यावर पडलेल्या उजेडातला निळा आणि हिरवा भाग गिळून टाकतो आणि लाल भाग तेवढा पुढे जाऊ देतो. म्हणजे शेड ही गाळणी आहे. बल्बच्या उजेडात मुळात लाल कमी असेल, तर ती बिचारी पुढे काय सोडणार? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!

आता हा आड कसा आहे ते बघू. जुना पिवळा बल्ब म्हणजे तापून लाल-पिवळी झालेली टंगस्टनची तार. तिचं तापमान साधारण २७०० केल्विन. अशा तापलेल्या तारेच्या उजेडात निळा अगदी थोडा असतो, पुढे हिरवा, पिवळा, नारिंगी असा चढत जात लाल भरपूर असतो, आणि त्याच्याही पलीकडे डोळ्याला न दिसणारी उष्णता सगळ्यात जास्त. त्या बल्बला दिलेल्या विजेतला नव्वद टक्क्यांहून जास्त भाग असा उष्णतेतच जायचा. उजेड म्हणून तो उधळा होता, पण लाल कापडासाठी उदार होता.

एलईडीची घडण वेगळी आहे. आतली चकती मुळात निळा उजेड देते. हा निळा एलईडी बनवणं फार अवघड होतं. ते जमवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. या निळ्या चकतीवर पिवळसर पावडरीचा थर देतात. थोडा निळा उजेड तसाच बाहेर येतो, बाकीचा त्या थरात शिरून पिवळा होऊन बाहेर पडतो, आणि निळा अधिक पिवळा मिळून आपल्या डोळ्याला पांढरा वाटतो. डोळ्याची ही फसगत इतकी बेमालूम असते की पांढऱ्या भिंतीकडे बघून काहीच कळत नाही. कळतं ते लाल वस्तू समोर धरली की. साध्या, थंड पांढऱ्या एलईडीत निळ्याचा उंच सुळका असतो, पिवळ्या-हिरव्याचा पसरट डोंगर असतो, आणि गडद लालकडे तो डोंगर झपाट्याने उतरतो. आमच्या डाळिंबी शेडला नेमका तोच उतार वाट्याला आला होता.

लहानपणी आकाशकंदील घरी करायचो, बांबूच्या कामट्या, खळ आणि पतंगाचा कागद घेऊन. तेव्हा निळा कंदील कुणी करायला धजत नसे, कारण आत बल्ब लावला की तो अंधारच दिसायचा. लाल, पिवळा, केशरी कंदील मात्र गल्लीच्या टोकापासून दिसायचे. आता दिवाळीत निळे कंदील कसे लखलखतात बघा. कागद तोच आहे, गाळणी तीच आहे, आतलं पाणी बदललं.

तेव्हा कापड निवडताना बल्बचाही विचार करावा. तांबड्या, विटकरी, हळदी, मातकट रंगांच्या शेडमध्ये २७०० ते ३००० केल्विनचा 'वॉर्म व्हाइट' बल्ब. निळी, मोरपंखी किंवा फिकट हिरवी शेड असेल आणि रंग जसाच्या तसा हवा असेल, तर ४००० केल्विनच्या आसपास. खोक्यावर आणखी एक आकडा शोधा, सीआरआय. हा वस्तूंचे रंग किती खरे दिसतील याचा शंभरपैकी गुण समजा. तापलेल्या तारेचा बल्ब शंभरला टेकतो, साध्या एलईडीला ८० च्या आसपास मिळतात. नव्वदच्या वरचा बल्ब थोडा महाग पडतो, पण कापडी शेडवर पैसे खर्च करणार असाल तर इथे हात आखडू नका. आकडा छापलेला नसेल तर सोपी परीक्षा आहे: बल्बखाली तळहात धरा आणि कुंकवाचा करंडा उघडून शेजारी ठेवा. तळहात गुलाबी आणि कुंकू लालबुंद दिसलं तर बल्ब चांगला. तळहात फिकट आणि कुंकू विटकरी दिसलं तर तो बल्ब स्वयंपाकघराबाहेरच्या पॅसेजला लावा.

बुट्ट्यांची गोष्ट मात्र निराळी आहे, तिला बल्ब बदलून इलाज नाही. दिवसा आपण शेडवर पडून परतलेला उजेड बघतो. जरीचा धातूचा थर तो झकास परतवतो म्हणून बुट्टी चमकते. रात्री आपण कापडातून आरपार आलेला उजेड बघतो, आणि धातूतून उजेड आरपार येत नाही. म्हणून सोनेरी बुट्टी काळी. प्रत्येक कापडी शेडचे असे दोन चेहरे असतात, आणि दुकानात आपण बहुतेक वेळा एकच बघून येतो. सुती कापडात कुठे जाड धागा, कुठे गाठ, कुठे विरळ वीण असेल तेही दिवसा दिसत नाही, रात्री पानाच्या शिरांसारखं उठून येतं. खादीच्या शेडमध्ये हे फार सुंदर दिसतं. म्हणून शेड घेताना मोबाइलचा टॉर्च आत धरून बघाच, दुकानदार काही म्हणत नाही.

मग काही शेडमधून उजेड मऊ, दुधासारखा का येतो? त्याचं उत्तर वडापावच्या कागदात आहे. कोरा कागद उजेड पसरवतो, पण त्यावर तेलाचा डाग पडला की तिथून पलीकडचं दिसू लागतं. कागद म्हणजे तंतूंचं जाळं, आणि तंतूंच्या मधे हवा. उजेड हवेतून तंतूत आणि तंतूतून हवेत जाताना प्रत्येक सीमेवर वाकतो, थोडा परततो. अशा हजारो सीमा ओलांडता ओलांडता किरण वाट चुकतो आणि कागदाच्या प्रत्येक ठिपक्यातून सगळ्या दिशांना बाहेर पडतो. तेलाने हवेची जागा घेतली की तेल आणि तंतू यांच्यात उजेडाच्या दृष्टीने फारसा फरक उरत नाही, सीमा पुसल्या जातात आणि किरण सरळ निघून जातो. हातमागाचं सुती कापड, हातकागद, दुधी काच, गोव्यातल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना लावलेले पातळ शिंपले, या सगळ्यांची हीच करामत. स्वयंपाकघराजवळ कागदी शेड लावू नये ती याचसाठीही. फोडणीची वाफ बसत गेली की तिच्यावर तसेच अर्धपारदर्शक डाग पडतात आणि ते निघत नाहीत.

कागदाची ही ताकद इसामू नोगुची या शिल्पकाराने फार चांगली ओळखली. वडील जपानी, आई अमेरिकन. १९५१ साली तो जपानमधल्या गिफू शहरात गेला. तिथे तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेल्या कागदाचे आणि बांबूच्या कामट्यांचे कंदील पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहेत. त्याने तीच कारागिरी घेऊन विजेच्या दिव्यांसाठी शेडा केल्या आणि त्यांना 'अकारी', म्हणजे उजेड, असं नाव दिलं. आज बाजारात मिळणारा पांढरा कागदी गोळा त्याच घराण्यातला. आमच्या कामट्यांच्या कंदिलाशी त्याचं नातं सांगायला मला मनापासून आवडतं.

या गोळ्याचा आकार निवडताना एक छोटं गणित उपयोगी पडतं. १२ इंची गोळ्याऐवजी २४ इंची घेतला तर त्याचं पृष्ठफळ चौपट होतं. आतला बल्ब तोच असेल तर तेवढाच उजेड चौपट जागेवर पसरतो, म्हणजे गोळ्याकडे बघताना डोळ्याला टोचणारी चकाकी चौथ्या हिश्श्यावर येते. खोलीत पोचणारा एकूण उजेड जवळपास तेवढाच राहतो. छोट्या खोलीला छोटी शेड हा हिशेब म्हणूनच मला पटत नाही. डोक्याला लागणार नसेल तर मोठी घ्या.

चकाकीशी सगळ्यात चिकाटीने झुंजला तो डेन्मार्कचा पॉल हेनिंगसेन. रॉकेलच्या दिव्याच्या मऊ उजेडात वाढलेल्या या माणसाला विजेचा उघडा बल्ब डोळ्यांवर अन्याय वाटे. १९२६ साली त्याने एकाखाली एक अशा तीन शेडांचा दिवा केला. शेडांची वक्रता एका खास सर्पिलावरून, म्हणजे केंद्राभोवती फिरत मोठ्या होत जाणाऱ्या वक्रावरून, घेतलेली. त्या सर्पिलाच्या केंद्रातून निघालेला प्रत्येक किरण वक्राला सगळीकडे एकाच कोनात भेटतो, त्यामुळे उजेड शेडेवर सारखा पसरतो आणि जेवणाच्या टेबलाशी बसलेल्या कुणालाही बल्ब थेट दिसत नाही. पुढे १९५८ साली त्याने 'पीएच ५' केला. पीएच ही त्याच्या नावाची आद्याक्षरं, आणि ५० सेंटिमीटर रुंद म्हणून ५. बल्बवाले सारखे बल्बांचे आकार बदलत होते आणि त्याच्या शेडांचं गणित बिघडवत होते, म्हणून कुठलाही बल्ब चालेल असा हा दिवा. त्याच्या आत, सहज दिसणार नाहीत अशा जागी, एक भाग लाल आणि एक निळा रंगवलेला आहे. माणसाचा डोळा पिवळसर हिरव्याला सगळ्यात जास्त आणि लाल-निळ्याला कमी प्रतिसाद देतो, तेव्हा या दोन टोकांना थोडा जोर द्यावा हा त्यामागचा विचार. शेडेच्या आतल्या रंगाकडे इतकं बारकाईने बघणारा माणूस मला विरळा वाटतो. आपणही शेड उलटी करून आतलं अस्तर बघावं. आतून पांढरी असेल तर बल्बचा रंग टिकतो. सोनेरी असेल तर निळा भाग तिथेच जिरतो आणि उजेड आणखी उबदार होतो. बाहेरून काळी, आतून सोनेरी अशी शेड वर आणि खाली तेवढा उजेड टाकते, बाजूंना नाही. ती सजावट म्हणून छान, वाचायला एकटी पुरत नाही.

राहिली भिंत. शेडेतून निघालेला उजेड भिंतींवर, छतावर आपटत आपटत आपल्यापर्यंत येतो, आणि प्रत्येक आपटीत भिंत आपला कर वसूल करते. समजा भिंत पिवळसर आहे, ती लाल-पिवळ्या उजेडातला ८० टक्के परतवते आणि निळ्यातला ४० टक्के. एका आपटीनंतर प्रमाण दोनास एक. दुसऱ्या आपटीनंतर ६४ आणि १६, म्हणजे चारास एक. तिसरीनंतर ५१ आणि जेमतेम ६, आठास एक. रंगाच्या कार्डावर फिका वाटलेला पिवळा चारही भिंतींना लावल्यावर अंगावर येतो तो यामुळे. अशा खोलीत पुन्हा हळदी शेड लावली तर सगळी खोली पिवळी पडते, निळ्या उशा राखाडी दिसतात. तिथे पांढरी किंवा कोऱ्या सुताची शेड बरी, रंगाचं काम भिंती करतातच. उलट भिंती पांढऱ्या असतील तर शेडेला रंगाची मोकळीक आहे. गडद भिंतींच्या खोलीत वरून उघडी शेड घ्या, म्हणजे निदान पांढरं छत उजेड परत पाठवेल.

उंचीचं एकच सांगते: खुर्चीत बसल्यावर शेडेची खालची कड डोळ्यांच्या पातळीला असावी. त्याहून वर गेली की बल्ब डोळ्यात घुसतो.

आणि शेड भिंतीजवळ ठेवली असेल तर एक गंमत बघा. गोल शेडेच्या वरच्या तोंडातून उजेडाचा शंकू बाहेर पडतो, आणि उभी भिंत त्या शंकूला त्याच्या अक्षाला समांतर कापते. असा कापला की जी रेघ मिळते ती अपास्त. दहावी-बारावीच्या पुस्तकात नुसता सूत्रापुरता भेटलेला हा वक्र रोज रात्री आपल्या भिंतीवर उमटलेला असतो. शेड भिंतीपासून थोडी पुढे-मागे सरकवली की तो वर-खाली होतो. खोलीला शांतपणा हवा असेल तर त्या उजेडाची कड भिंतीवरच्या फोटोच्या चौकटीला मधोमध कापणार नाही इतकी शेड सरकवावी, एवढ्यानेही फार फरक पडतो.

आमच्या खणाच्या शेडेत आता २७०० केल्विनचा, नव्वदच्या वर सीआरआयचा बल्ब आहे. पहिल्यांदा लावला तेव्हा आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि "हा बघ, हाच रंग होता" म्हणाली. बुट्ट्या काळ्याच होत्या. मग आम्ही समोरच्या कोपऱ्यात पांढऱ्या कापडाचा दुसरा छोटा दिवा ठेवला. त्याचा उजेड खोली ओलांडून खणावर बाहेरून पडतो. दोन्ही दिवे लागले की डाळिंबी आतून उजळतो आणि जरी बाहेरून चमकते.